बस त्याच हॉटेलपाशी का थांबते?

पुण्याहून नागपूरला रात्रीच्या बसने गेलेल्यांना हे दृश्य ठाऊक असेल. साडेदहाच्या सुमाराला ड्रायव्हर बस हायवेवरच्या एका हॉटेलच्या आवारात वळवतो. क्लीनर पत्र्यावर थाप मारून ओरडतो, "वीस मिनिटं, जेवून घ्या!" उतरलेले निमूट आत जातात आणि शेवभाजी मागवतात. रस्त्यापलीकडेही एक हॉटेल असतं, कदाचित जास्त चांगलं असतं. पण अंधारात ट्रक चुकवत तिकडे जाणारा एखादाच. ड्रायव्हर आणि क्लीनर मात्र आतल्या एका वेगळ्या टेबलावर बसलेले असतात. ताटात वाढीव भाजी, बिल शून्य.

त्या टेबलावरच्या व्यवहाराची अब्जावधी डॉलरची आवृत्ती तुमच्या फोनमध्ये रोज चालू असते.

आधी एक घोळ मिटवू. आमच्या घरात "गुगल उघड" म्हणजे "इंटरनेट उघड". बऱ्याच घरांत तसंच असावं. प्रत्यक्षात तिथे दोन वेगळ्या वस्तू आहेत. क्रोम, सफारी, फायरफॉक्स, एज, ऑपेरा हे ब्राउझर, म्हणजे बस. गुगल, बिंग, डकडकगो ही सर्च इंजिनं, म्हणजे हॉटेल. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत तुम्ही "गुडघेदुखीवर उपाय" असं लिहिता तेव्हा ब्राउझर स्वतः काहीही शोधत नाही. तो ते शब्द उचलतो आणि एका सर्च इंजिनाकडे पाठवतो. कुठल्या इंजिनाकडे, हे तुम्ही फोन खोक्यातून काढायच्या आधीच ठरलेलं असतं. या आधी ठरलेल्या निवडीला डिफॉल्ट म्हणतात. विकली जाते ती हीच.

ब्राउझर फुकट, सर्चही फुकट, मग पैसा येतो कुठून? जाहिरातीतून, हे सगळ्यांना माहीत असतं, पण कुठल्या शोधातून हे पाहण्यासारखं आहे. "पिठलं कसं करायचं" असं विचारलंत तर सहसा कुणाच्या खिशात काही पडत नाही. "होम लोन" किंवा "कार इन्शुरन्स" असं लिहून पाहा. वरच्या दोन-चार ओळी 'प्रायोजित' या बारीक पाटीखाली येतील. त्या जागांसाठी क्षणार्धात लिलाव झालेला असतो, आणि तुम्ही त्या ओळीवर बोट टेकवलंत की जाहिरातदाराच्या खात्यातून पैसे वळते होतात. गिऱ्हाईक ब्राउझरने आणून सोडलं असेल, तर त्यातला ठरलेला हिस्सा ब्राउझरवाल्याला.

आणून कुणी सोडलं, हे कसं कळतं? फायरफॉक्सच्या पट्टीतून गुगलवर काहीतरी शोधा आणि मग उघडलेल्या पानाचा लांबलचक पत्ता वाचा. त्यात कुठेतरी 'क्लायंट' असा शब्द, बरोबरीचं चिन्ह आणि पुढे फायरफॉक्सचं नाव दिसेल. ही ड्रायव्हरची चिठ्ठी: ही मंडळी माझ्या बसमधली, हिशेबात धरा.

फायरफॉक्सचं पोट

या धंद्याची सगळ्यात रंजक गोष्ट फायरफॉक्सची आहे. नव्वदच्या दशकात नेटस्केप नावाचा ब्राउझर होता. मायक्रोसॉफ्टने विंडोजबरोबर इंटरनेट एक्सप्लोरर फुकट द्यायला सुरुवात केल्यावर तो मागे पडत गेला आणि अखेर एओएल कंपनीच्या पदरात गेला. त्याच्या राखेतून २००३ साली मोझिला फाउंडेशन ही ना-नफा संस्था उभी राहिली. एओएलने जाताना तिच्या हातावर २० लाख डॉलर ठेवले. एवढ्यावर जगाशी टक्कर देणारा ब्राउझर किती वर्षं चालणार?

नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली, आणि तिच्यात उजव्या कोपऱ्यात शोधासाठी एक छोटी चौकट होती. तिच्यात गुगल बसवलेलं होतं, आणि त्या शोधांच्या कमाईतला वाटा मोझिलाला. २००५ या एका वर्षात मोझिलाचं उत्पन्न ५ कोटी डॉलरच्या पुढे गेलं. बरंचसं त्या चौकटीतून.

दोघांचीही गरज खरी होती. त्या काळात जगातल्या बहुतेक संगणकांवर इंटरनेट एक्सप्लोरर होता, म्हणजे हायवेवरच्या जवळपास सगळ्या बसगाड्या मायक्रोसॉफ्टच्या. मायक्रोसॉफ्ट स्वतःचं सर्च इंजिनही उभं करत होती. उद्या त्यांनी सगळ्या बसगाड्या स्वतःच्याच हॉटेलपाशी थांबवल्या तर? गुगलला ही धास्ती होती. २००६ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या सातव्या आवृत्तीत शोधाची चौकट आली आणि ती मायक्रोसॉफ्टच्या सर्चकडे वळवलेली होती, तेव्हा गुगलनेच अमेरिकी सरकारकडे तक्रार केली, की डिफॉल्टची निवड वापरणाऱ्याकडे असायला हवी. चौदा वर्षांनी हेच म्हणणं गुगलविरुद्धच्या खटल्यात सरकारी पक्षाच्या तोंडी आलं. माणसं पक्ष बदलतात तसे युक्तिवादही बदलतात.

तक्रारीवर विसंबून न राहता गुगलने २००८ मध्ये स्वतःची बसच काढली: क्रोम. तिची जबाबदारी ज्यांच्याकडे होती ते सुंदर पिचाई पुढे कंपनीचे प्रमुख झाले. आता गुगलकडे हॉटेलही होतं आणि बसही, आणि तरी त्यांनी मोझिलाच्या बसला पैसे देणं थांबवलं नाही. दरम्यान क्रोम वाढत गेला, फायरफॉक्स आकसत गेला. एकेकाळी जगातल्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याजवळ पोहोचलेला हा ब्राउझर आज दोन-तीन टक्क्यांवर आहे.

२०१४ मध्ये मोझिलाने एक धाडस केलं. अमेरिकेत गुगलला सोडून याहूशी पाच वर्षांचा करार केला. बातम्यांनुसार याहू वर्षाला साडेसदतीस कोटी डॉलर देणार होती. करारात एक भन्नाट कलम होतं: उद्या याहू कुणी विकत घेतली आणि नवा मालक मोझिलाला पसंत पडला नाही, तर मोझिला करार सोडून जाऊ शकते आणि तरीही पैसे मिळत राहतील. असं कलम कुणी सही करून कसं देतं, हे मला आजही उलगडलेलं नाही. याहू त्या वेळी किती अडचणीत होती, एवढंच त्यातून कळतं.

बस नव्या हॉटेलपाशी थांबू लागली. पण प्रवासी उतरले आणि रस्ता ओलांडून चालू लागले. सुरुवातीला याहूचा वाटा वाढला खरा, पण लोक सेटिंगमध्ये जाऊन पुन्हा गुगल लावू लागले. २०१७ मध्ये व्हेरायझन या अमेरिकी फोन कंपनीने याहू विकत घेतली, मोझिलाने ते कलम बाहेर काढलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती गुगलकडे परतली. मग दोन्ही बाजूंनी कोर्टबाजी झाली. पुढे मोझिलाच्या तेव्हाच्या प्रमुख मिचेल बेकर यांनी गुगलविरुद्धच्या खटल्यातल्या साक्षीत सांगितलं, की तो प्रयोग फसला आणि फायरफॉक्स वापरणाऱ्यांचा अनुभव त्यामुळे बिघडला.

ॲपलचे छत्तीस रुपये

मोझिलाला मिळणारी रक्कम ॲपलपुढे चिल्लर वाटावी अशी आहे. २००३ मध्ये सफारी आला तेव्हापासून त्यात गुगल आहे. सुरुवातीला पैशांचा प्रश्नच नव्हता, कमाईतल्या वाट्याची भाषा नंतर, २००५ च्या आसपास आली. मग आयफोन आला आणि सगळ्या रकमांना शून्यं जोडली गेली.

या रकमा दोन्ही कंपन्यांनी जिवापाड जपल्या होत्या. त्या बाहेर आल्या त्या कोर्टात. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने गुगलवर मक्तेदारीचा खटला भरला. सप्टेंबर २०२३ मध्ये वॉशिंग्टनमध्ये न्यायाधीश अमित मेहतांपुढे सुनावणी सुरू झाली. हे मेहता मूळचे गुजरातमधल्या पाटणचे, लहानपणीच अमेरिकेत गेलेले. नोव्हेंबरमध्ये गुगलनेच बोलावलेले साक्षीदार, शिकागो विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ केव्हिन मर्फी, बोलता बोलता एक आकडा सांगून गेले: ३६ टक्के. गुगलच्या वकिलांचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला, असं तिथल्या बातमीदारांनी लिहिलं. सफारीतून आलेल्या शोधांवर गुगलने जाहिरातीचे शंभर रुपये कमावले, तर त्यातले छत्तीस ॲपलचे. पिचाईंनी पुढे दुसऱ्या एका खटल्यात हा आकडा खरा असल्याचं मान्य केलं.

२०२२ मध्ये या वाट्याची रक्कम झाली २० अब्ज डॉलर. रुपयात दीड लाख कोटींच्या वर. मुंबई महापालिकेचा २०२२-२३ चा अर्थसंकल्प साधारण ४६ हजार कोटींचा होता, म्हणजे तिच्या तीन वर्षांच्या खर्चाहून जास्त रक्कम एका वर्षात एका कंपनीने दुसरीला दिली. कशासाठी? एका चौकटीत आधीपासून आपलं नाव असावं यासाठी. ॲपल, सॅमसंग, मोबाइल कंपन्या, मोझिला असे सगळे धरले, तर २०२१ मध्ये गुगलने अशा करारांवर २६.३ अब्ज डॉलर मोजले होते.

गुगलचा बचाव साधा होता: लोक आम्हाला निवडतात कारण आम्ही उत्तम आहोत. फायरफॉक्स-याहूचं उदाहरण त्यांच्या बाजूने होतंच. मायक्रोसॉफ्टच्या बिंगवर सर्वांत जास्त शोधला जाणारा शब्द कुठला, तर 'गुगल', असंही त्यांच्या वकिलांनी युरोपातल्या कोर्टात सांगितलं होतं. ऐकून हसू येतं, आणि मुद्दा बिनतोड वाटतो.

पण मग २० अब्ज कशाला मोजायचे? हॉटेलचं जेवण इतकं चविष्ट असेल, तर ड्रायव्हरला फुकट जेवू घालायची गरज काय?

याचं उत्तर गुगलच्याच कागदपत्रांत सापडलं. २०२० मध्ये त्यांनी अंदाज बांधला होता, की सफारीतली जागा हातातून गेली तर आयफोनवरून येणाऱ्या शोधांपैकी ६० ते ८० टक्के शोध जातील. फायरफॉक्समध्ये लोक रस्ता ओलांडून परत आले, मग आयफोनवर का येणार नाहीत? मला यात विरोधाभास वाटत नाही. फायरफॉक्स वापरणारा मुळातच सेटिंगमध्ये बोटं घालणारा माणूस, नाहीतर त्याने संगणकात आधीपासून असलेला ब्राउझर सोडून हा उतरवून घेतलाच नसता. आयफोनवर ती सेटिंग शोधायला चार-पाच पायऱ्या उतराव्या लागतात, आणि बहुतेकांना ती आहे हेही माहीत नसतं. शिवाय तिथे गेलात तरी यादी ठरावीक: गुगल, याहू, बिंग, डकडकगो, इकोसिया. एज ब्राउझरमध्ये डिफॉल्ट बिंग असतं, आणि तिथले सुमारे ८० टक्के शोध बिंगवरच राहतात, हेही निकालपत्रात नोंदलं आहे. म्हणजे 'गुगल' हा शब्द शोधून बाहेर पडणाऱ्यांपेक्षा तिथेच बसून जेवणारे कितीतरी जास्त.

मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला साक्षीला आले होते. सकाळी उठायचं, दात घासायचे आणि गुगलवर शोधायचं, इतकी ही सवय पक्की झाली आहे असं ते म्हणाले. ॲपलने बिंग घ्यावं म्हणून वर्षाला १५ अब्ज डॉलरपर्यंत तोटा सोसायची त्यांची तयारी होती. ॲपलच्या एडी क्यू यांची साक्ष मात्र अशी, की मायक्रोसॉफ्टने कितीही देऊ केले तरी बिंग घेण्यात अर्थ नव्हता. नाडेलांची याच्या उलट तक्रार, की बिंग जिवंत आहे म्हणूनच ॲपलला गुगलकडून जास्त उकळता येतं. रस्त्यापलीकडच्या हॉटेलचा असाही उपयोग असतो. तिथे जेवायचं नाही, पण अलीकडच्याशी घासाघीस करताना त्याच्या पाटीकडे बोट दाखवायचं.

पैसे थांबवायचे की नाहीत?

५ ऑगस्ट २०२४ ला मेहतांनी निकाल दिला: गुगल मक्तेदार आहे आणि ती मक्तेदारी टिकवण्यासाठी तिने बेकायदा मार्ग वापरले. अमेरिकेतल्या सर्वसाधारण शोधांपैकी ८९ टक्के आणि मोबाइलवरच्या जवळपास ९५ टक्के शोध तिच्याकडे होते. त्यांचं तर्कशास्त्र समजून घेण्यासारखं आहे. सर्च इंजिन वापरानेच सुधारतं. कुणी काय विचारलं, कुठल्या उत्तरावर थांबलं, कुठून लगेच मागे आलं, यावरून ते शिकतं. सगळी गिऱ्हाइकं एकाच हॉटेलात जात राहिली तर दुसऱ्याचा आचारी शिकणार कधी? 'आम्ही उत्तम आहोत' हे खरंच, पण उत्तम होण्याची संधी दुसऱ्याला मिळू नये याची सोयही त्याच पैशांनी झाली होती.

मग उपाय काय, यावर २०२५ मध्ये वेगळी सुनावणी झाली. सरकारची मागणी कडक होती: क्रोम विकायला लावा आणि डिफॉल्टसाठी पैसे देणं बंद करा. आणि इथे मोझिला उभी राहिली. इंटरनेट कुण्या एका कंपनीच्या ताब्यात जाऊ नये म्हणून जन्मलेली संस्था कोर्टात सांगत होती, की गुगलला पैसे द्यायला बंदी करू नका. तिचे वित्तप्रमुख एरिक म्युलहाइम यांनी आकडे मांडले. मोझिलाचं सुमारे ९० टक्के उत्पन्न फायरफॉक्समधून येतं आणि त्यातलं सुमारे ८५ टक्के गुगलच्या करारातून. शंभर रुपये मिळाले तर त्यातले साधारण पंचाहत्तर प्रतिस्पर्ध्याने दिलेले. ते थांबले तर माणसं कमी करावी लागतील, ब्राउझर मागे पडेल, वापरणारे सोडून जातील, उत्पन्न आणखी घटेल आणि फायरफॉक्स बंदही पडू शकतो, असं त्यांचं म्हणणं.

काही जणांनी याला ढोंग म्हटलं. मला ते तसं वाटत नाही, पण वीस वर्षांत दुसरा उत्पन्नाचा रस्ता उभा करता आला नाही, हे अपयश मोझिलाचंच आहे. दुसरीकडे गुगलला फायरफॉक्स जिवंत राहणं सोयीचं आहे, असा आरोप नेहमी होतो. "बघा, स्पर्धा आहे की!" असं म्हणायला एखादा प्रतिस्पर्धी लागतोच.

२ सप्टेंबर २०२५ ला मेहतांनी मधला मार्ग काढला. क्रोम विकावा लागणार नाही. पैसे देता येतील, पण 'फक्त आमचंच' असा एकनिष्ठेचा करार करता येणार नाही, आणि शोधांचा काही डेटा स्पर्धकांना द्यावा लागेल. पैसे एकदम तोडले तर भागीदार कंपन्या आणि शेवटी ग्राहकच भरडले जातील, हा युक्तिवाद त्यांना पटला होता. नंतर अशा डिफॉल्ट करारांची मुदतही एका वर्षावर आणली गेली. दर वर्षी नव्याने बोलणी.

युरोपने वेगळी वाट धरली होती. २०१८ मध्ये तिथे अँड्रॉइडवरून गुगलला ४.३४ अब्ज युरोचा दंड झाला. फोन कंपनीला प्ले स्टोअर हवं असेल तर गुगल सर्च आणि क्रोमही फोनमध्ये घालावं लागे, हा मुख्य आक्षेप. त्यावर गुगलने नव्या फोनवर निवडीचा पडदा आणला: चार सर्च इंजिनांतून एक निवडा. पण त्या पडद्यावर जागा मिळवायला इतर इंजिनांना लिलावात बोली लावावी लागे! ओरड झाल्यावर २०२१ मध्ये ती बोली बंद झाली.

आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ ला जवळपास याच कारणांसाठी गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारल्यावर जानेवारी २०२३ मध्ये गुगलने भारतातही नवा अँड्रॉइड फोन सुरू करताना सर्च इंजिन निवडायची सोय देण्याचं जाहीर केलं. गेल्या दोन-तीन वर्षांत घरातला नवा फोन तुम्ही सुरू करून दिला असेल तर आठवून पाहा, असा पडदा दिसला होता का, आणि दिसला असेल तर काय निवडलंत. मी घाईघाईत पहिल्या ओळखीच्या नावावर बोट ठेवून पुढे गेलो होतो.

मधल्या काळात हॉटेलचाच धंदा बदलायला लागलाय. मे २०२५ मध्ये एडी क्यू यांनी साक्षीत सांगितलं, की आदल्या महिन्यात सफारीतले शोध बावीस वर्षांत पहिल्यांदा घटले. लोक एआय चॅटला विचारू लागलेत, असं त्यांचं निदान. प्रवासी घरून डबा घेऊन बसमध्ये चढायला लागले म्हणा ना. गुगलने त्याच दिवशी खुलासा केला, की आमच्याकडचे एकूण शोध वाढतच आहेत, ॲपलच्या उपकरणांवरचेसुद्धा. पण गुगलकडून येणारा हिस्सा बंद झाला तर काय, या विचाराने आपली झोप उडते, असंही क्यू त्याच साक्षीत बोलून गेले.

डबेवाल्यांनाही गिऱ्हाइकापर्यंत पोहोचायचा तोच जुना प्रश्न पडलाय. जुलै २०२५ मध्ये पर्प्लेक्सिटी या एआय सर्च कंपनीने एअरटेलशी हातमिळवणी करून तिच्या कोट्यवधी भारतीय ग्राहकांना आपली पैसे भरून मिळणारी सेवा वर्षभर फुकट दिली. पुढच्याच महिन्यात तिने क्रोम विकत घ्यायला साडेचौतीस अब्ज डॉलरची बोलीही लावून टाकली. तेव्हा ती कंपनी स्वतः तेवढ्या किमतीची नव्हती. या मंडळींनी आपापल्या बसगाड्याही काढल्या: जुलैमध्येच पर्प्लेक्सिटीचा कॉमेट, ऑक्टोबरमध्ये ओपनएआयचा ॲटलास. या दोन्हींचा सांगाडा म्हणजे क्रोमियम, क्रोम ज्यावर उभा आहे तोच खुला कोड, जसा तो एज, ऑपेरा, ब्रेव्ह आणि विवाल्डीचाही आहे. क्रोमियम फुकट मिळतो, कुणीही घ्यावा. तो घडवायचं बहुतेक काम गुगलचे इंजिनियर करतात.